अडाणी कोण : मतदार की मतपत्रिका?

१९७८ सालची गोष्ट. नाशिकच्या भद्रकालीतील एका लहानशा छापखान्यात शेतमजुरांच्या मोर्चाचे हस्तपत्रक छापावयास दिले होते. जुळाऱ्याने खिळे जुळविले, कच्चे मुद्रित काढले आणि आम्ही चार कार्यकर्त्यांनी ते आळीपाळीने वाचून त्यावर सह्या ठोकल्या. चौघांपैकी दोघे पदवीधर, एक शाळामास्तर. हजार प्रती छापून झाल्यावर ट्रेडल चालविणाऱ्या पोराने एक प्रत उचलली आणि एकेक अक्षर लावीत तो ती वाचू लागला. त्याची शाळा चौथीतच सुटली होती. पहिल्याच ओळीवर तो थबकला. "भाऊ, हे 'वेनत' म्हणजे काय हो?" पत्रकाच्या माथ्यावर, सर्वांत ठळक टाइपात, 'किमान वेनत मिळालेच पाहिजे' अशी घोषणा झळकत होती!

चार शिकलेल्या माणसांनी जे वाचावयास हवे होते ते वाचले. त्या पोराने जे छापले होते ते वाचले. त्या दिवशी आम्ही हसलो, रात्री बसून शाईने हजार प्रती दुरुस्त केल्या आणि गोष्ट विसरून गेलो. जून २०२४ मध्ये दिंडोरी लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला आणि त्यानंतर चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांपर्यंत जे बोलले गेले ते ऐकून तिची पुन्हा आठवण झाली. "मतदार अडाणी आहे, त्याला चिन्हही धड ओळखता येत नाही," असा तो सूर होता. खेदाची गोष्ट अशी की, हा सूर आपल्या काही सुशिक्षित साथींच्याही तोंडी आला. त्याचा समाचार घेणे आम्हाला अगत्याचे वाटते.

काय घडले?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. दिंडोरी हा नाशिक जिल्ह्यातील अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी हे सहा विधानसभा विभाग त्यात येतात. म्हणजे एका अंगाला सुरगाणा-कळवणचा आदिवासी डोंगरपट्टा आणि दुसऱ्या अंगाला लासलगावच्या बाजाराभोवतालचा कांदेकरी शेतकरी. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. मे २०२४ च्या आरंभी ती बंदी उठविली, पण निर्यातशुल्काचे जोखड कायम ठेवले. या रागाच्या पार्श्वभूमीवर २० मे २०२४ रोजी मतदान झाले. राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे उमेदवार भास्कर भगरे एक लाख तेरा हजारांवर मताधिक्याने निवडून आले आणि केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार पराभूत झाल्या.

परंतु त्याच निकालात आणखी एक आकडा होता. भगरे याच आडनावाच्या एका अपक्ष उमेदवाराला एक लाख तीन हजारांहून अधिक मते पडली. भास्कर भगरे यांचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. अपक्ष भगरे यांचे चिन्ह इंग्रजी यादीत 'ट्रम्पेट', आणि त्याचे मराठी नाव 'तुतारी' असे देण्यात आले होते. आडनाव तेच, चिन्हाच्या नावातील पहिला शब्दही तोच. मूळ पक्षाला हे चिन्ह फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे मतदानाच्या जेमतेम तीन महिने आधी, मिळाले होते.

ही एक लाख तीन हजार मते सर्वच्या सर्व चुकून पडली, असे आम्ही म्हणत नाही. मतपेटीतून मत निघते, मनातला हेतू निघत नाही. तथापि अपक्ष उमेदवाराला सहसा किती मते पडतात हे आपण सर्वजण जाणतो. या आकड्याचा मोठा भाग गफलतीचा आहे हे मान्य करण्यास फार बुद्धी लागत नाही. दिंडोरीत निकाल बदलला नाही म्हणून गोष्ट दबली. त्याच निवडणुकीत साताऱ्यात 'ट्रम्पेट'वाल्या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली आणि शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले. त्याच्या दहा वर्षे आधी, २०१४ मध्ये, रायगडला सुनील तटकरे अवघ्या २,११० मतांनी पराभूत झाले, तेव्हा त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते पडली होती. हे तटकरे आज कोणत्या गटात आहेत आणि हे शिंदे कोणत्या गटात, याच्याशी आम्हाला येथे कर्तव्य नाही. आज याचा बैल मेला, उद्या त्याचा मरेल. प्रश्न मतदाराच्या मताचा आहे, आणि ते मत ही त्याची एकमेव मालमत्ता आहे.

डोळा कसा वाचतो?

'मतदार अडाणी' म्हणणाऱ्यांच्या मनात वाचनाचे एक चित्र असते. कागदावरील अक्षरे डोळ्यांतून जशीच्या तशी आत जातात, आणि ज्याला अक्षरओळख आहे तो ती बरोबर वाचतो, ज्याला नाही तो चुकतो. हे चित्र साफ खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचे सिद्ध होऊन शंभरावर वर्षे लोटली आहेत.

आपला डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो उड्या मारतो. सेकंदाला तीन-चार उड्या, आणि दोन उड्यांमध्ये सुमारे पाव सेकंदाचा थांबा. उडी चालू असताना जवळजवळ काहीच दिसत नाही. जे दिसते ते थांब्यात, आणि तेही हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या रुंदीतच स्वच्छ दिसते. बाकी सारे धूसर. तरीही आपल्याला पान अखंड दिसते, कारण मधल्या फटी मन भरून काढते.

मन फटी कशाने भरते, हे पाहण्यासाठी गेल्या शतकाच्या आधीपासून प्रयोग चालू आहेत. १८८० च्या दशकात जर्मनीतील लाइपझिगला व्हुंट यांच्या प्रयोगशाळेत जेम्स कॅटेल या अमेरिकन तरुणाने लोकांना सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापुरती अक्षरे दाखविली. असंबद्ध अक्षरे असतील तर माणूस तीन-चार ओळखू शके. त्याच अक्षरांचे परिचित शब्द बनविले की, तेवढ्याच क्षणात त्याच्या कितीतरी पट अक्षरे त्याला 'दिसत'. म्हणजे आपण अक्षरांवरून शब्द ओळखतो, तसाच शब्दाच्या ओळखीवरून अक्षरेही 'पाहतो'. १८९७ मध्ये वॉल्टर पिल्सबरी याने पुढचे पाऊल टाकले. त्याने मुद्दाम चुकीचे छापलेले शब्द क्षणभर दाखविले. कोठे एक अक्षर गाळले, कोठे बदलले. पुष्कळांना चूक दिसलीच नाही. इतकेच नव्हे, तर जे अक्षर कागदावर नव्हतेच ते आपण स्वच्छ पाहिल्याचे काहींनी सांगितले! ही माणसे अडाणी नव्हती, वाचनात मुरलेली होती. आमच्या 'वेनत'चा उलगडा येथे होतो. चौघा शिकलेल्यांची चूक त्यांच्या शिक्षणाच्या अभावी झाली नव्हती, सरावामुळे झाली होती.

अलीकडच्या पन्नास वर्षांत पडद्यावर एकाच जागी शब्दांमागून शब्द, सेकंदाला आठ-दहा या वेगाने, दाखवून मनाची परीक्षा घेण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यातून आणि क्षणभर शब्द दाखविण्याच्या तशाच प्रयोगांतून तीन गोष्टी निघाल्या, आणि तिन्ही आपल्या प्रश्नाला भिडतात. पहिली : १९८७ मध्ये नॅन्सी कॅनविशर यांनी दाखविले की, वेगाने येणाऱ्या शब्दांत तोच शब्द थोड्या अंतराने दुसऱ्यांदा आला तर वाचणाऱ्याला तो दुसरा आलाच नाही असे वाटते. मन 'हे तर पाहिले' म्हणून पुढे जाते. दुसरी : १९९२ मध्ये रेमंड, शपिरो आणि अर्नेल यांनी दाखविले की, एक हवी ती खूण सापडली की त्यानंतर जवळजवळ अर्धा सेकंद लक्षाला झापड येते आणि त्या अवधीत समोरून गेलेली दुसरी खूण हातची निसटते. तिसरी : दोन शब्द शेजारी क्षणभरच दाखविले तर एकातील अक्षर दुसऱ्यात जाऊन बसते आणि माणूस कोठेच न छापलेला तिसरा शब्द मोठ्या खात्रीने वाचून दाखवितो.

मतदानकेंद्र ही काही प्रयोगशाळा नव्हे, आणि यंत्रावरील नावे सेकंदाला दहा या वेगाने धावत नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु मन तेच आहे. घाईत, दडपणाखाली, ओळखीची खूण शोधणारे मन ज्या नियमांनी चालते ते नियम प्रयोगशाळेच्या दाराशी संपत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या चुका विद्वानांना आणि मोलकरणींना सारख्याच होतात. जो दोष सर्वांत सारखा असतो तो व्यक्तीचा दोष नव्हे. तो माणसाच्या घडणीचा भाग होय, आणि जो कागद, जे यंत्र, जी सूचना ही घडण ध्यानात न घेता बनविली जाते, दोष तिचा आहे.

आता पुन्हा दिंडोरीकडे वळू.

मतदार चुकला तो वाचून

मतदानयंत्रावर काय असते? अनुक्रमांक, उमेदवाराचे नाव, २०१५ पासून त्याचे छायाचित्र, आणि चिन्हाचे चित्र. पक्षाचे नाव नसते. चिन्हाचे नावही नसते. ते उमेदवारांच्या यादीत असते. आता या चौकटीसमोर सुरगाण्याची एक बाई उभी आहे असे समजा. महिनाभर तिच्या कानावर दोन शब्द पडले आहेत : 'भगरे' आणि 'तुतारी'. 'तुतारी वाजवणारा माणूस' हे लांबलचक नाव प्रचारात कोणीही उच्चारले नाही. घोषणा 'तुतारी'ची झाली, गाणी 'तुतारी'ची झाली. तिने यंत्रावर 'भगरे' शोधले, ते सापडले. शेजारी तुतारी शोधली, तीही सापडली. खूण पटली, बोट दाबले, शिट्टी वाजली.

या बाईने वाचण्यात कोणती चूक केली? तिला जे सांगितले होते ते तिने अक्षरशः शोधले आणि अक्षरशः ते मिळाले. उलट चिन्हाच्या नावाला अक्षरशः चिकटून राहिलेला मतदारच फसण्याचा संभव अधिक होता, कारण सरकारी यादीत निव्वळ 'तुतारी' हे नाव दुसऱ्याच उमेदवारापुढे लिहिलेले होते. छायाचित्र होते म्हणावे, तर ते टपाल तिकिटाएवढे. आणि खेड्यातील मतदाराने उमेदवाराला किती वेळा जवळून पाहिलेले असते? ओळखीच्या चेहऱ्याला छायाचित्राची मदत होते. अनोळखी चेहऱ्याचे छायाचित्र म्हणजे आणखी एक न वाचता येणारे अक्षर.

येथे आपल्या पक्षकार्यकर्त्यांनीही आरशात पाहावयास हवे. तीन शब्दांचे चिन्ह एका शब्दावर आणण्याची चटक कोणाची? आघाडीच्या प्रचारात आपणही 'तुतारी, तुतारी' असेच ओरडत हिंडलो. घोषणा तोंडात बसावी म्हणून आपण शब्द कापला आणि जो शब्द उरला तो दुसऱ्याच्या नावावर होता. निवडणूक आयोगावर बोट रोखताना उरलेली तीन बोटे आपल्याकडे वळलेली आहेत, हे विसरता कामा नये.

मागून आलेली पावती

कोणी म्हणेल, यंत्राला जोडलेल्या मुद्रकाच्या काचेमागे पावती दिसते, तिच्यावर क्रमांक, नाव, चिन्ह असते. सात सेकंद ती दिसते. सात सेकंदांत तीन गोष्टी वाचता येत नाहीत काय? येतात. सात सेकंद हा काही तुटपुंजा काळ नव्हे, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली, ही पावती बोट दाबल्यानंतर दिसते. मतदाराने ती नीट वाचली, आपण चुकीच्या भगऱ्यांना मत दिले हे त्याला कळले, तरी तो काय करू शकतो? काहीही नाही. मत नोंदले गेले. ही पावती यंत्राची चूक पकडण्यासाठी आहे, माणसाची चूक सुधारण्यासाठी नाही. दुसरी, यंत्राची चूक झाली असे मतदाराला वाटलेच तर निवडणूक नियमांतील ४९-एमए हा नियम त्याच्या स्वागताला सज्ज आहे. त्याने लेखी घोषणा द्यावयाची, मग चाचणी मत टाकावयाचे, आणि तक्रार खोटी ठरली तर खोटी माहिती दिल्याबद्दल दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असा इशारा केंद्राध्यक्षाने त्याला आधीच द्यावयाचा. आपण काय पाहिले याची खात्री पदवीधरालाही नसते, हे आपण आताच पाहिले. असे असता कोणता शेतमजूर सात सेकंदांच्या दर्शनावर तुरुंगाचा धोका पत्करील? तो मुकाट्याने शाई लावलेले बोट घेऊन बाहेर पडेल, आणि आपण आकडेवारीत वाचू की तक्रारी फारशा आल्याच नाहीत!

यंत्र खोटे बोलते काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व पावत्या मोजण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. आम्हाला एवढेच म्हणावयाचे आहे की, यंत्राच्या खरेखोटेपणावर जेवढी शाई सांडली तिच्या दशांशही माणसाच्या डोळ्यासाठी सांडली नाही. यंत्र हरिश्चंद्राचा अवतार असले तरी त्याच्या तोंडावरची पाटी फसवी असेल तर निकाल फसवाच लागेल.

एकेकाळी राज्याला हे कळत होते

हे सारे अपरिहार्य आहे काय? मुळीच नाही. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे १८ टक्के होती. त्या देशात १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक घ्यावयाची होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन आणि त्यांचे सहकारी 'लोक अडाणी आहेत' म्हणून हात झटकून बसले नाहीत. त्यांनी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली, पेटीवर चिन्ह चिकटविले, आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची एवढेच काम त्याच्याकडे ठेवले. त्या पद्धतीतही उणिवा होत्या आणि पुढे ती सोडून शिक्का मारण्याची पद्धत आली. पण तिच्यामागची दृष्टी लाखमोलाची होती. वाचता येत नाही हा मतदाराचा अपराध नव्हे, त्याला समजेल अशी मतपत्रिका बनविणे हे राज्याचे कर्तव्य होय, ही ती दृष्टी.

ती आज हरवली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चित्र यंत्रावर अधिक ठळक करण्याची विनंती आयोगाने मान्य केली, 'ट्रम्पेट' चिन्ह काढून टाकण्याची मागणी मात्र मानली नाही. चित्र ठळक केले हे चांगलेच. पण तक्रार आली तेव्हा, एका पक्षाची आली तेव्हा, एका चित्रापुरते केले. डोळा काय वाचतो याची आधी परीक्षा घ्यावी, मग मतपत्रिका छापावी, असा नियम त्यातून निघाला नाही.

नामसाधर्म्याचा प्रश्न न्यायालयापुढेही गेला होता. ३ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका ऐकण्यास नकार दिला. आईबापांनी जे नाव ठेवले त्यावरून कोणाला निवडणूक लढविण्यापासून रोखता येईल काय, असा न्यायालयाचा प्रश्न होता. आम्हाला हा प्रश्न रास्त वाटतो. नाव ही काही मोठ्या पुढाऱ्यांची जहागीर नव्हे. भगरे आडनावाच्या गरीब माणसालाही उभे राहण्याचा तोच हक्क आहे जो भगरे आडनावाच्या आमदार-खासदाराला आहे. म्हणून 'डमी उमेदवारांवर बंदी घाला' या लोकप्रिय मागणीच्या मागे आम्ही जाणार नाही. उपाय माणसाला रोखण्यात नाही, कागद सुधारण्यात आहे.

हा वेग कोणाच्या फायद्याचा?

एक पाऊल मागे घेऊन पाहिले तर हा प्रश्न निवडणुकीपुरता नाही हे कळेल. आपल्या भोवतीच्या लिखित शब्दांची विभागणी कशी झाली आहे ते पाहा. जे वाचले जावे अशी धन्याची इच्छा असते ते मोठे, ठळक आणि स्थिर असते. जे वाचले जाऊ नये असे त्याला वाटते ते बारीक आणि धावते असते. म्युच्युअल फंडाच्या दूरदर्शनवरील जाहिरातीत परताव्याचे स्वप्न अर्धे मिनिट चालते आणि जोखमीचा इशारा शेवटी घोडा उधळावा तसा पळतो. नियामक मंडळाने त्या इशाऱ्यासाठी किमान मर्यादा घातली ती किती? चौदा इंग्रजी शब्दांना पाच सेकंद! मोबाइलवर कर्ज देणारी कंपनी अटींची वीस पाने एका बोटाखाली सरकवते आणि तळाशी 'मला मान्य आहे' एवढेच हिरव्या चौकटीत ठेवते. कायद्याच्या दृष्टीने शब्द दाखविला गेला. मनाच्या दृष्टीने तो कधीच पोचला नाही. 'दाखविले' आणि 'कळविले' यांतील या अंतरावर आजची बाजारपेठ उभी आहे.

येथे एक सावधगिरीचा शब्द. आपल्यातील काहींना यात गुप्त कारस्थान दिसते. न दिसणारे शब्द क्षणभर पडद्यावर चमकवून लोकांची मने वळविली जातात, असे ते सांगत असतात. ही कथा जुनी आणि बनावट आहे. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी नावाच्या अमेरिकन जाहिरात-सल्लागाराने चित्रपटगृहात असे संदेश चमकवून कोका-कोला आणि मक्याच्या लाह्यांची विक्री वाढविल्याचा गाजावाजा केला, आणि १९६२ मध्ये तो निव्वळ देखावा होता हे त्यालाच कबूल करावे लागले. न दिसलेल्या शब्दाच्या तालावर माणूस कठपुतळीसारखा नाचत नाही. धोका अदृश्य शब्दांत नाही. तो उघड्यावर, सर्वांसमक्ष, कायद्याच्या चौकटीत छापलेल्या आणि तरीही न पोचणाऱ्या शब्दांत आहे. भुते शोधणाऱ्याला समोरचा चोर दिसत नाही.

मागण्या आणि काम

आमच्या मागण्या साध्या आहेत. एक : यंत्रावर उमेदवाराच्या नावाखाली पक्षाचे नाव, आणि अपक्ष असल्यास 'अपक्ष' हा शब्द, मोठ्या टाइपात छापावा. दोन : दोन उमेदवारांचे नाव अगदी एकच असेल तर व्यवसाय, गाव किंवा अन्य प्रकारे त्यांच्यात फरक दाखवावा, असे १९६१ चे निवडणूक नियम सांगतातच. ही तरतूद सारखे आडनाव आणि सारखे ध्वनी असलेल्या नावांनाही लागू करावी. तीन : चिन्हांची मराठी नावे ठरविताना, एका चिन्हाचे नाव दुसऱ्याच्या पोटात बसते काय हे आधी पाहावे. 'तुतारी' आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' ही नावे एका यादीत येऊ देणाऱ्या कारकुनी भाषांतराला कोणतीही सबब नाही. चार : कोणतीही मतपत्रिका अंतिम करण्यापूर्वी ती त्या भागातील सामान्य माणसांना, म्हाताऱ्यांना, नवसाक्षरांना दाखवून, कितीजण चुकतात ते मोजावे. औषध बाजारात आणण्यापूर्वी पारखतात, मतपत्रिका का पारखू नये? पाच : पावती आधी दिसावी आणि मतदाराने दुसऱ्यांदा बोट दाबून होकार दिल्यावरच मत नोंदले जावे.

या शेवटच्या मागणीवर आक्षेप येईल की, रांगा वाढतील. वाढतील. मग केंद्रे वाढवा. रांग लवकर सरावी म्हणून मतदाराने न वाचता बोट दाबावे, हा युक्तिवाद गिरणीमालकाच्या तोंडी शोभतो, लोकशाहीच्या नाही. नाशिकच्या महापालिकेत २०१७ मध्ये चार-चार जागांचे प्रभाग होते. त्या मतदाराला एका उभ्यात चार याद्या वाचून चार बोटे दाबावी लागली. त्याच्या डोळ्यासाठी किती वेळ राखून ठेवला होता याचा हिशेब कोणी मागितला काय?

मागण्या मान्य होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसावे असे नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीवर यंत्राच्या तोंडाचा हुबेहूब नमुना पुठ्ठ्यावर काढून न्या. सर्व उमेदवारांसह न्या, केवळ आपल्या उमेदवारासह नको. लोकांना चिन्हाचे पूर्ण नाव आणि उमेदवाराचा अनुक्रमांक पाठ करू द्या. आणि वाचताना हे कसे वाचावे ते आमच्या छापखान्यातील पोराकडून शिका : एकेक अक्षर, बोट ठेवून, सावकाश. वाचून झाल्यावर लगेच बोट दाबू नका, खालचे आणि वरचे नावही वाचा, हे सांगा. घोषणा लिहिताना शब्द कापण्याआधी उरलेला शब्द दुसऱ्या कोणाचा तर नाही ना, हे पाहा.

आणि कृपा करून 'अडाणी मतदार' हा शब्दप्रयोग आपल्या बैठकांतून हद्दपार करा. लासलगावच्या बाजारात वजनकाट्याच्या पावतीवरील शेवटच्या किलोपर्यंत हिशेब लावणारा शेतकरी अडाणी नाही. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालविणाऱ्या आपल्या नाशिकच्या वाचनगृहातील व्यासंगी गृहस्थालाही पिल्सबरीच्या यंत्रासमोर बसविले तर तोही न छापलेले अक्षर पाहील. दोघांचे डोळे एकाच मातीचे आहेत. फरक इतकाच की, एकाच्या चुकीला आपण 'नजरचूक' म्हणतो आणि दुसऱ्याच्या चुकीला 'अडाणीपणा'. हा फरक डोळ्यांतला नाही, आपल्या मनातल्या वर्गभेदातला आहे, आणि समाजवाद्याने तो तरी स्वतःच्या मनातून आधी पुसावयास हवा.